आभाराच्या रकान्यातली माणसं

“कंस मोजलेत का?”

हा त्यांचा पहिला प्रश्न. तुम्ही त्यांच्या टेबलापाशी रजेचा अर्ज घेऊन जा नाहीतर दिवाळीचे लाडू घेऊन जा, आधी हे. मग उजव्या हाताची करंगळी मॉनिटरच्या काचेवर टेकायची आणि तिचं नख ओळीओळीने खाली सरकायचं. डावा डोळा मिटलेला, ओठ हलताहेत. शेवटच्या ओळीला पोचले की “हं” म्हणायचे आणि खिशातला रुमाल काढून काच पुसायचे. करंगळीचा माग काचेवर ठेवून घरी गेलेलं त्यांना खपत नसे.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याचं काम नेमकं काय, हे कुणाला सांगता येत नाही. आणि तो रजेवर गेला की तिसऱ्या दिवशी सगळं अडतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदचं दशक संपता संपता, दोह्यात. समुद्राचा अभ्यास करणारं एक छोटं केंद्र होतं. मासे, प्रवाळ, पाण्याचा खारटपणा असले विषय. मी नाशिकहून तिथल्या कॉम्प्युटर विभागात आलो. विभाग म्हणजे मी आणि एक खडखडणारा एसी. शेजारच्या दोन खोल्यांत लायब्ररी, आणि तिथे हे. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे कोकणी मुसलमान. तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे. मग टायपिस्ट म्हणून कतारला आले आणि टायपिंग करता करता लायब्ररीत स्थिरावले. राहायचे दोह्यातल्या नजमा वस्तीत, चौघांत एका खोलीत.

पहिल्या दिवशी मी त्यांना ‘चाचा’ म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“चाचा हिंदीत. आपण मराठी दिसता. काका म्हणा.”

मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले होते आणि ती सातवी त्यांनी जपून ठेवली होती. फोनवर बायकोशी बोलताना त्यांची कोकणी सुसाट धावायची. माझ्याशी मात्र क्रमिक पुस्तकातलं मराठी: ‘तथापि’, ‘मजकूर’, ‘महिरपी कंस’. दिवाळीला ते मदिनत खलीफा भागात आमच्या घरी फराळाला यायचे. माझी मुलगी त्यांचं मराठी समजून घ्यायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. “उत्तर बरोबर, भाषा चुकली,” असं म्हणून ते तिला अर्धा गुण द्यायचे.

त्यांच्या ताब्यात एक फाइल होती. ते तिला ‘वही’ म्हणत. कतारच्या समुद्राविषयी जगात कुठेही काही छापून आलं की त्याची नोंद या वहीत व्हायची: लेखक कोण, शीर्षक काय, साल कुठलं, पानं किती. एक इंग्रज शास्त्रज्ञ देश सोडताना त्यांना ही पद्धत शिकवून गेला होता. प्रत्येक नोंद महिरपी कंसात. आत प्रत्येक गोष्टीचा वेगळा रकाना, रकान्याला नाव, आणि रकाना संपला की स्वल्पविराम. खिळे जुळवलेल्या माणसाला यात नवीन काहीच नव्हतं. त्यांनी एकट्याने, दोन बोटांनी, चार हजारांवर नोंदी केल्या होत्या.

आमचे मुदीर, म्हणजे विभागप्रमुख, जॉर्डनचे डॉक्टर होते. एकदा परदेशी परिषदेहून परतताना ते एक शब्द घेऊन आले: वेबसाइट. ही वही वेबसाइटवर टाकायची. कुणीही लेखकाचं नाव टाकावं आणि यादी समोर यावी. मला म्हणाले, दोन आठवड्यांत, यल्ला, चला लागा कामाला.

मी पर्ल नावाच्या भाषेत स्क्रिप्ट लिहायला बसलो. अशा फाइली वाचून त्यांतले रकाने सुटे करणारा तयार कोड इंटरनेटवर फुकट मिळत होता. अशा तयार कोडच्या गठ्ठ्यालाही लायब्ररीच म्हणतात. हे काकांना समजावताना माझी तारांबळ उडाली.

“म्हणजे माझ्या लायब्ररीतली वही तुमची लायब्ररी वाचणार,” ते म्हणाले. “त्या लायब्ररीत पुस्तके किती आहेत?”

एकही नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. नव्या जमान्याबद्दल त्यांचा जो अंदाज होता तो बरोबर निघाल्यासारखी.

स्क्रिप्ट चालवली आणि ती दोनशेव्या नोंदीलाच आडवी झाली. कंस उघडला होता, मिटला नव्हता. तो मिटवला तर पुढे स्वल्पविराम नाही. शेवटी चुकांची सगळी यादी छापून मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. बावीस पानं. खरं सांगायचं तर तेव्हा मला थोडा आनंद झाला होता. जो माणूस लाडवांचेही कंस मोजतो, त्याच्या चुकांची बावीस पानं.

त्यांनी यादी जवळ ओढली. लाल पेन काढलं आणि छापखान्यात प्रूफ तपासतात तशा खुणा समासात करत बसले. नऊ दिवस. दहाव्या दिवशी स्क्रिप्ट एकदाही न अडखळता शेवटपर्यंत गेली. मी उत्साहाने जाऊन सांगितलं की चुका शून्य.

“यंत्र म्हणते, कंस बरोबर आहेत. मजकूर बरोबर आहे असे ते म्हणाले का?”

तसं ते म्हणालं नव्हतं. दुपारी त्यांनी मला बोलावून पडद्यावरची लेखकांची यादी दाखवली. माझी लायब्ररी नावाचा शेवटचा शब्द आडनाव समजायची, बाकीचं सगळं पहिलं नाव. नाशिकच्या माणसाला ते ठीकच वाटणार. पण अब्दुल रहमान, अब्दुल करीम, अब्दुल लतीफ या सगळ्यांचे तिने दोन तुकडे केले होते, आणि ‘अब्दुल’ वेगळ्या रकान्यात टाकला होता.

“अब्दुल म्हणजे ‘अमक्याचा बंदा’,” काका म्हणाले. “तुमच्या यंत्राने बंदा इकडे ठेवला आणि मालक तिकडे पाठवला. आता एकतीस माणसे नुसते बंदे म्हणून उभी आहेत. कोणाचे, ते विचारू नका.”

ती एकतीस माणसं मी एकेक करून जोडून घेतली. त्यात आणखी दोन आठवडे गेले, आणि मुदीरांनी माझ्याकडे बघून घड्याळाकडे बघायला सुरुवात केली.

इथवर जे झालं ते गमतीचं होतं. पुढचं माझ्या हातून झालं.

साइट तयार होत आली तेव्हा मला वाटलं, वहीही एकदा स्वच्छ करून टाकू. मी स्क्रिप्टला ठेवायच्या रकान्यांची यादी दिली: लेखक, शीर्षक, साल, नियतकालिक, पानं. यादीत नसेल ते गाळ, बाकीचं सुबक मांड आणि नवी फाइल जुनीच्या जागी ठेव, असं सांगितलं. वीस सेकंदांत काम झालं. फाइल निम्मी झाली. ती इतकी बारीक कशी झाली, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी काका माझ्या खोलीत आले. ते सहसा येत नसत. तुम्हाला त्यांच्याकडे जावं लागे. दारातच उभे राहिले.

“आभार कुठे गेले?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक नोंदीत शेवटी त्यांनी स्वतःचा एक रकाना केला होता. रोमन अक्षरांत त्याला नाव दिलं होतं ‘आभार’. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टायपात लेखक आभार मानतो ना, लाँच चालवणाऱ्याचे, जाळं ओढणाऱ्यांचे, पाणबुड्याचे, नमुन्यांच्या बाटल्या धुणाऱ्याचे? ती नावं. चार हजारांपैकी जिथे जिथे असे आभार होते तिथे तिथे, पूर्ण नावं, शक्य तिथे स्पेलिंग दुरुस्त करून.

मी म्हणालो की तो रकाना स्टँडर्डमध्ये नाही. हे वाक्य मी अजूनही विसरलेलो नाही.

“हो,” ते म्हणाले. “स्टँडर्डमध्ये नसतात ती माणसे. म्हणून तर लिहिली होती.”

मी सर्व्हर उघडला. सर्व्हर रोज कालच्या प्रतीवर आजची प्रत चढवायचा. तीन आठवड्यांपूर्वीचं त्याला काही आठवत नव्हतं. काकांना आधी दर गुरुवारी फ्लॉपीवर प्रत काढायची सवय होती. ती मीच मोडली होती, आता सर्व्हर आहे, फ्लॉपी कशाला, असं म्हणून. त्यांच्या खणात एक जुनी फ्लॉपी निघाली. तिच्यात निम्म्याहून कमी वही होती. उरलेली नावं गेली ती गेलीच.

तुम्हाला वाटेल ते रागावले असतील. मलाही तसं व्हावंसं वाटत होतं. ओरडून घेतलं की माणूस मोकळा होतो. त्यांनी ती सोय केली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते स्टीलच्या सहा कपाटांपैकी पहिल्यातून शोधनिबंधांचा पहिला गठ्ठा काढून बसले आणि दोन बोटांनी पुन्हा टाइप करू लागले. मी थोडा वेळ दारात घुटमळलो. मग खुर्ची ओढून म्हणालो, मी वाचतो, तुम्ही लिहा.

“सावकाश वाचा,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून दीड वर्ष आमची जेवणाची सुट्टी अशी गेली. दोघांचा डबा मध्ये ठेवून एका हाताने खायचा, दुसऱ्या हाताने पान उलटायचं. मी शेवटचं पान काढून बारीक टायपातला मजकूर वाचायचो. शास्त्रज्ञ मंडळी आभार मानताना किती घाईत असतात, ते मला तेव्हा कळलं. एका निबंधात प्रवाळाच्या प्रत्येक जातीचं लॅटिन नाव बिनचूक होतं आणि लाँचवाल्याचं नाव नुसतं ‘मोह्द’.

“मोह्द हे कोणाचेही नाव नसते,” काका म्हणायचे. मग तो लाँचवाला कोण ते शोधायला नजम्यातल्या चहाच्या दुकानात विचारपूस व्हायची. चार दिवसांनी ‘मोह्द’चा पुरता मोहम्मद व्हायचा, बापाच्या नावासकट.

एकदा एका निबंधाच्या शेवटी टायपिंगबद्दल खुद्द काकांचेच आभार निघाले. आडनावाची पार वाट लावलेली. मी मोठ्याने वाचलं. ते थांबले.

“पुढचा घ्या.”

मी म्हणालो, हे लिहायचं नाही?

“वहीत स्वतःचे नाव घालणारा कारकून चांगला नसतो. पुढचा घ्या.”

एवढा खटाटोप कशासाठी, हे मी विचारायला सहा महिने घेतले. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्याच गावचा एक जण त्यांच्याबरोबर एकाच विमानाने कतारला आला होता. केंद्राच्या लाँचवर अकरा वर्षं काम केलं. मग छातीचं दुखणं निघालं, व्हिसा रद्द झाला आणि आठवड्यात तो गावी परत गेला. पुढे फार जगला नाही. काही दिवसांनी त्याच्या मुलाला शाळेच्या कसल्या कागदासाठी बापाच्या नोकरीचा दाखला हवा होता. काकांनी इथे पुष्कळ शोधलं. रजिस्टर बदललेलं, ठेकेदार बदललेला. अकरा वर्षांचा माणूस कुठेही नव्हता. अखेर माशांच्या अंड्यांवरच्या एका अहवालाच्या शेवटी त्याचं नाव सापडलं. दाखला म्हणून ते पान काही चाललं नाही, पण काकांनी त्याची फोटोप्रत पाठवली.

“घरात फ्रेम करून लावली आहे म्हणतात,” ते म्हणाले आणि सुलेमानी चहाचा कप बाजूला ठेवला. “पुढचा घ्या.”

दरम्यान वेबसाइट गाजत होती. बाहेरून पाहुणे यायचे, मुदीर स्वतः माउस हातात घेऊन त्यांना यादी दाखवायचे. त्या वर्षी मला प्रशस्तिपत्र मिळालं, सोनेरी कडांचं. मी ते काकांना दाखवलं, म्हणजे दाखवायला नको होतं पण दाखवलं. त्यांनी करंगळी लावून वाचलं.

“तुमचे नाव चुकले आहे,” म्हणाले. खरंच एक अक्षर चुकलं होतं. मी तोपर्यंत चार वेळा वाचलं होतं.

मग मुदीरांच्या मनात एक सरळ हिशेब उभा राहिला. यादी आता मशीन करतं. मग यादी करणारा माणूस कशाला? काकांच्या कराराची मुदत संपत आली होती आणि ते साठीलाही टेकले होते. मी मुदीरांकडे गेलो आणि त्यांना समजावून सांगितलं की मशीन फक्त वाचतं, लिहितो माणूसच. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या नम्रतेचं कौतुक केलं. म्हणाले, तुम्ही स्वतःच्या कामाला कमी लेखता. खलास.

हे काकांना सांगायचं माझ्यावरच आलं. ते म्हणाले की छापखान्यातही असंच झालं होतं; खिळे गेले, ऑफसेट आलं. त्यात कुणाचा दोष नसतो. मग म्हणाले, “तथापि, त्या वेळी यंत्र बसवायला आलेला मनुष्य माझा डबा खात नव्हता.”

हे ते हसत म्हणाले. मला मात्र हसता आलं नाही, अजूनही येत नाही.

त्यांचं जाणं साधं झालं. लायब्ररीत केक कापला, मुदीर चार शब्द बोलले. विमानतळावर मी सोडायला गेलो. आमचं काम तोवर चार कपाटांपर्यंत पोचलं होतं. दोन उरली होती. त्यांनी कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मीच म्हणालो, बाकीचं मी करतो, इन्शाल्ला.

इन्शाल्लाचे दोन अर्थ असतात. आखातात राहिलेल्यांना दुसरा ठाऊक आहे. मी ते केलं नाही. पहिले काही दिवस बसलो. पण वाचायचं आणि लिहायचं एकट्यानेच म्हटल्यावर ते जड जाऊ लागलं. मग मुलीच्या परीक्षा, मग नवा सर्व्हर. मग मी नोकरीच बदलली. कतारमध्येच रास लफानला एका कंपनीत लागलो आणि किल्ल्या दुसऱ्या कुणाला तरी दिल्या. ईदला मी त्यांना फोन करायचो. वहीविषयी त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

तीन वर्षांनी एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती खेडजवळ एका शाळेत शिक्षिका होती. काका गेल्याचं तिने सांगितलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मग म्हणाली की अब्बांच्या कपाटात एक वही सापडली आहे. खरीखुरी, पुठ्ठ्याची. आत नुसती नावं. सातशे-आठशे असतील, केरळची, बलुची, मिसर म्हणजे इजिप्तची, काही आपल्या कोकणातली. प्रत्येक नाव सुवाच्य, पूर्ण.

“अब्बांचे एवढे दोस्त होते, आम्हाला कधी बोलले नाहीत,” ती म्हणाली. “चाळिसाव्या दिवसाच्या आत सगळ्यांना कळवायला पाहिजे. तुमच्याकडे कुणाचे नंबर आहेत का?”

मी तिला शेवटच्या पानावरची नावं वाचायला सांगितली. ती वाचत गेली; त्यातलं एकही नाव मी काकांना वाचून दाखवलेलं नव्हतं, आणि माझ्या लक्षात आलं की ही शेवटच्या दोन कपाटांतली आहेत. म्हणजे निघण्यापूर्वी गठ्ठे खोलीवर नेऊन त्यांनी उरलेलं काम हाताने पुरं केलं होतं. मला त्यातलं काही सांगितलं नव्हतं. माझ्या इन्शाल्लाचा अर्थ त्यांना विमानतळावर मी तो उच्चारण्याआधीच कळलेला असावा.

यातल्या बहुतेकांना अब्बा कधी भेटलेच नव्हते, हे तिला सांगणं माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणालो, हो, ओळखीचे आहेत. बघतो कोण कोण सापडतं ते.

या वेळी मात्र मी खरंच बघितलं. काकांच्या मुलीकडून वहीची फोटोप्रत मागवली. बहुतेक सगळे देश सोडून गेलेले, काही जगातून गेलेले. पण एका नावाचा पत्ता लागला. केंद्राच्या लाँचवर काम केलेला एक केरळी म्हातारा जवळच्याच अल खोर गावी मुलाकडे राहत होता. शुक्रवारी नमाजानंतर मी गेलो. तो दारासमोर सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मी माझ्या हिंदीत आणि त्याने त्याच्या हिंदीत बरीच झटापट केली. मी म्हणालो, लायब्ररीतले ते कोकणातले उस्ताद वारले. त्याने ओळखलं नाही. लायब्ररी म्हणजे कुठली, हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो आयुष्यभर धक्क्यावर होता, आत कधी गेलाच नव्हता.

मग मी त्याला सांगितलं की त्या माणसाने तुमचं नाव लिहून ठेवलं होतं. वडिलांच्या नावासकट, नऊ ठिकाणी.

म्हाताऱ्याने खुर्ची जरा पुढे सरकवली. मग विचारलं, “क्यों लिखा?”

मी म्हणालो, तुम्ही लाँच चालवलीत म्हणून.

त्याला ते पुरेसं वाटलं असावं. त्याने पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या, खुर्चीतच सरळ बसला आणि दोन्ही हात छातीपुढे वर धरले. ओठ हलत होते. मीही उभाच राहिलो. हात तोंडावरून फिरवल्यावर तो म्हणाला, “नाम क्या बोला उनका? पूरा बोलो.”

मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्याने ते माझ्यामागून एकदा म्हटलं. मधला एक शब्द चुकला. मी दुरुस्त केला. मग त्याने पुन्हा म्हटलं.